सोमवारच्या कुंड्या

माझ्या वहिनीला कामावर सगळे ठिपकेबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिचंही त्यात काही बिघडायचं नाही. अठ्ठावीस वर्षं टोमॅटोच्या पानांवरचे ठिपके मोजणाऱ्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय. घरी मी तिला वहिनी म्हणते आणि ती मला वन्सं. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, तरी अहो-जाहो करते ती. मानबिन काही नाही त्यात, निव्वळ चिडवायला. आधी मी चिडायचे. आता कुणी नावाने हाक मारली तर पटकन वळून बघत नाही, इतकी सवय झाली.

आम्ही दोघी एकाच संस्थेत, भाजीपाल्याचे नवे वाण तपासतात तिथे. मी बियाण्याच्या कोठीवर, म्हणजे डबे, लेबलं, एक थंड खोली आणि बी उगवून बघायची दोन कपाटं एवढ्या राज्याची मालकीण. ती समोरच्या काचघरात. मधे एक अंगण आणि कायम गळणारा नळ. तिला इथे चिकटवलं मीच. दादाशी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाशी, लग्न होऊन ती आली आणि आठवड्याच्या आत तिने सांगितलं की नव्या पडद्याला तेवीस कड्या आहेत, दुकानदाराने एक कमी दिली. मी म्हटलं, ही बाई घरात बसली तर माझी धडगत नाही.

काचघरातलं काम ऐकायला सोपं आहे. काचेच्या बशीत जिवाणू वाढवायचे, पिवळी साय धरल्यासारखे दिसतात ते. पाण्यात कालवून पानांच्या पाठीवर फवारायचे आणि रोपांवर दोन दिवस पिशव्या घालून ठेवायच्या. सहाव्या दिवशी मोजणी. शून्य म्हणजे पान स्वच्छ, पाच म्हणजे पान गेलं. प्रत्येक चाचणीत एक वाण मुद्दाम दुबळा ठेवतात. वहिनीने त्याचं नाव ठेवलं होतं रडकी. ही रडकी आजारी पडलीच पाहिजे, नाहीतर बाकीच्यांच्या तब्येतीला काही अर्थ नाही.

ठिपक्यांच्याही तिने दोन जाती केल्या होत्या, ओला आणि जळका. ओला ठिपका भिजल्यासारखा, कडेने पिवळा आणि रोज थोडा थोडा पसरणारा. तिथे जिवाणूंचं फावलेलं असतं. जळका टाचणीच्या टोकाएवढा, तपकिरी, कोरडा, आहे तिथेच राहणारा. तो झाडाने स्वतः केलेला असतो. जिवाणू आत शिरल्याचं कळलं की त्याच्या भोवतालच्या पेशी आपण होऊन मरतात, मरता मरता विषारी द्रव्यं सोडतात आणि घुसलेल्याला उपाशी मारतात. लांबून दोन्ही ठिपके सारखेच. मोठमोठ्या पदव्यावाले महिना महिना चुकतात. वहिनी चालता चालता सांगायची, हा ओला, हा जळका, ह्याचं अजून ठरायचंय.

तिच्या आकड्याला कुणी हात लावायचा नाही. एकदा साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, बाहेरचे लोक येणार म्हणून एका ओळीतल्या तिनाचे दोन करा असं सुचवलं होतं. हिने पेन्सिल त्यांच्याच हातात दिली आणि म्हणाली, तुम्ही करा आणि खाली सहीही तुमचीच करा. साहेब हसले, पेन्सिल परत दिली आणि पुढे दोन वर्षं त्यांनी तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. त्यानंतर मात्र संस्थेत कुठल्याही कागदावर वाद झाला की लोक विचारायचे, मोजणी ठिपकेबाईंची आहे का? असली तर वाद तिथेच मिटायचा. ह्या एका गोष्टीवर ती जगत होती म्हटलं तरी चालेल. पगार बेताचा, बढती नाही, मूलबाळ नाही. पण तिचा आकडा म्हणजे आकडा.

आता सोमवारचं सांगते, कारण घोळ तिथेच झाला. काचघरातल्या सगळ्या जागा सारख्या नसतात. दाराशी वारा लागतो, हीटरपाशी ऊब असते, खांबाच्या मागे सावली. एकच ओळ चांगल्या जागी बसून राहिली तर झाड चांगलं की जागा चांगली, हे कळायचं कसं? म्हणून दर सोमवारी कुंड्यांची जागा बदलायची. दहा वाण, प्रत्येकाच्या बारा कुंड्या, एकेक ओळ उचलून चिठ्ठीत निघेल त्या बाकावर ठेवायची आणि वहीत सही करायची. एकशेवीस ओल्या कुंड्या. करून बघा एकदा.

त्या वर्षी वहिनीचे गुडघे गेले. बसली की उठताना भिंत धरायची. घरी कण्हायची, कामावर दात आवळून हसायची, कारण गुडघे गेलेल्या माणसाला आमच्याकडे कार्यालयात टेबलावर बसवतात. टेबलावर बसणं म्हणजे तिच्या लेखी मेल्यात जमा. दुखण्यावर लावायचं मलम मीच आणून दिलं तिला, झणझणीत वासाचं. काचघरात अत्तर, क्रीम, असलं काहीही लावून जायला मनाई आहे. म्हणून ती एप्रनच्या खिशात ट्यूब घेऊन जायची, खांबाआडच्या कोपऱ्यात स्टुलावर बसायची आणि दिवसातून तीन-चार वेळा तिथे चोळायची. वास कुणाला यायचा? एकटीच तर असायची ती आत. येऊन जाऊन डॉक्टर, आणि त्यांना बारमाही सर्दी.

ह्या डॉक्टर म्हणजे चाचणीच्या प्रमुख, तिशीतल्या, हडकुळ्या, दोन डब्यांतला एक कायम घरी विसरून येणाऱ्या. तीन वर्षांच्या करारावर होत्या. त्यांनी स्वतः तयार केलेला सतरा नंबरचा वाण ह्या चाचणीत टिकला तर नोकरी पक्की, नाहीतर सामान बांधा. आणि टोमॅटोवाले वाटच बघत होते. लागोपाठ दोन हंगाम त्यांची शेतंच्या शेतं ह्या ठिपक्याने बसली होती.

चाचणी सोळा आठवड्यांची, त्यात तीनदा रोग द्यायचा. पहिले तीन सोमवार वहिनीने कुंड्या हलवल्या. चौथ्या सोमवारी मी डबा द्यायला गेले तर ही बाकाला टेकून उभी, चेहरा पांढराफटक, आणि फक्त दोन ओळी हलवून झालेल्या. कुणाला तरी मदतीला बोलावू का म्हटलं, तर डोळे वटारले. बोलावलं की गुडघा कळणार. वही उघडी होती, सहीची चौकट रिकामी. मी म्हटलं, "सही कर आणि मोकळी हो. कोण बघतंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने सही केली. मी हे सांगतेय कारण पुढे कुठल्याही कागदावर ते आलेलं नाही.

पुढचे बारा सोमवारही तसेच गेले. सही व्हायची, कुंड्या जागच्या जागी. चौथ्या सोमवारी नेमक्या ज्या दोन ओळी हलल्या होत्या, त्यातली एक सतरा नंबरची. ती खांबाआडच्या कोपऱ्यात आली आणि तिथेच राहिली. रडकी दाराशी.

सतरा नंबरने कमाल केली. पहिल्या मोजणीत दोन, दुसऱ्या मोजणीत एक, तिसऱ्या वेळी तर नुसते जळके ठिपके, ओला शोधून सापडेना. दाराशी रडकी पाच, बाकीचे तीन-चार. डॉक्टर अंगणातून पळत माझ्या कोठीत आल्या आणि बियाण्याची पाकिटं भरायला घ्या म्हणाल्या. वहिनीने एकच शेरा मारला होता, की सतरा नंबरची रोपं दोन बोटं बुटकी राहिलीत. असू दे, म्हणाल्या डॉक्टर, गुण असेल त्याचा.

पाकिटं भरून झाली, शिक्का मारून झाला, आणि वाटपाच्या महिनाभर आधी टोमॅटोवाल्यांची एक तुकडी काचघर बघायला आली. डॉक्टर त्यांना समजावत होत्या. मीही होते मागे, पाकिटाचा नमुना घेऊन. डॉक्टर छान बोलतात. त्यांनी सांगितलं की एका पानात जिवाणू शिरला की झाडात एक आम्ल तयार होतं आणि त्याचा निरोप साऱ्या झाडभर जातो. मग वरच्या निरोगी पानांतही जिवाणू मारणारी द्रव्यं आधीच साठवली जातात. असं सावध झालेलं झाड सहसा आजारी पडत नाही, मात्र सगळी ताकद पहाऱ्यात जाते म्हणून वाढीला थोडं मागे राहतं. आणि गंमत म्हणजे, त्या म्हणाल्या, ह्या आम्लाचा काही भाग हवेत उडतो आणि शेजारच्या झाडालाही सावध करू शकतो. त्या वाफेचा वास आपल्या ओळखीचा आहे. गुडघ्याला चोळायच्या मलमात तेच असतं.

सगळे हसले. एकाने आमच्या आजीला शेतात उभी करतो म्हणून आणखी हशा पिकवला. मी वहिनीकडे बघितलं. तिचा हात एप्रनच्या खिशात होता आणि तो बाहेर येत नव्हता. अहो, मी बारावी नापास बाई, पण बुटकी रोपं आणि कोपरा आणि स्टूल, एवढं मलाही जोडता आलं.

घरी जाताना बसमध्ये ती ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचत बसली. जेवतानाही ट्यूब ताटाशेजारी. दादाला कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याला घरात शांतता आहे की भांडण हे चेहरे बघूनच कळतं. तो आपलं ताट घेऊन बाहेर जाऊन बसला. मग मी तोंड सोडलं. ह्यातलं कुणाला काही सांगू नकोस म्हटलं. तुला खात्री आहे का? सतरा नंबर खरोखरच चांगला असेल, मलमाचा काही संबंधही नसेल. उगीच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेशील आणि त्या पोरीच्याही. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलंय. ती म्हणाली, खात्री नाही हे खरं. मग खात्री करू या.

दुसऱ्या दिवसापासून माझी दोन कपाटं रिकामी झाली. चोवीस रोपं. प्रत्येक कपाटात सहा रडकी, सहा सतरा नंबर. कुंड्या उचलल्या मी, कारण तिला उचलवेना, आणि दर दोन दिवसांनी आतल्या आत जागा बदलायलाही लावलं तिने मला. डाव्या कपाटात तिने काचेच्या तुकड्यावर मलम फासून ठेवलं. उजव्यात नुसती काच. दहा दिवसांनी फवारलं. ह्या दिवसांत ती गुडघ्याला काही लावत नव्हती. जिना चढताना तिचं कण्हणं ऐकू यायचं.

सहाव्या दिवशी तिने उजवं कपाट उघडलं. रडकी पाच. सतरा नंबर चार, चार, पाच, चार, पाच, चार. सगळे ओले. मग डावं उघडलं. तिथे सतरा नंबर एक आणि दोन, ठिपके जळके. आणि शेजारी रडकी, जी आयुष्यात कधी तिनाच्या खाली आली नव्हती, तीसुद्धा दोन. वर दोन्हीही दोन बोटं बुटकी. वहिनीने सगळे आकडे लिहिले, भिंग पुसून ठेवलं आणि खुर्चीत बसली. "म्हणजे सतरा नंबरमध्ये काही नाही हो," ती म्हणाली, "होतं ते सगळं माझ्या गुडघ्यात."

मी पुन्हा गळ घातली. निदान मलमाचं सांग, म्हटलं, सह्यांचं नको सांगूस. मलम ही चूक आहे, माणसाकडून होते. सह्या म्हणजे खोटेपणा. ती म्हणाली, कुंड्या हलल्या असत्या तर मलमाने कुणा एकाचं भलं झालं नसतं, दहाही ओळींना थोडं थोडं लागलं असतं. मलमाचं सांगायचं तर सह्यांचं सांगावंच लागतं. हिशेब सरळ होता. माझा मात्र संताप संताप झाला. आता कळतं, त्यातला अर्धा संताप भीतीचा होता, माझं नाव येईल म्हणून.

ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. मी दाराशी उभी. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांनी समोरचा चहा बाजूला सरकवला, मग परत जवळ ओढला, पण प्यायल्या नाहीत. रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. फक्त वही मागवली आणि सोमवारच्या पानांवर बोट ठेवत गेल्या.

"ह्या सह्या तुमच्याच ना?"

"माझ्याच. पहिल्या तीन खऱ्या."

"मग आता तुमचा कुठला आकडा खरा धरू मी?"

अठ्ठावीस वर्षांत वहिनीला हे कुणी विचारलं नव्हतं. वही मिटून ती म्हणाली, "एकही धरू नका. परत मोजा."

पुढचं भराभर झालं. वाटप थांबलं. सतरा नंबरची पाकिटं मीच कोठीतून काढून दिली आणि पावतीवर सही केली. साहेबांनी चौकशी लावली, तीत वहिनीला विचारलं, मलम कुणी आणलं, खोटी सही करायला कुणी सांगितलं का? तिने सांगितलं, मलम माझं, कल्पना माझी. मी बाकावर बाहेर बसले होते, दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. मी उठले नाही. मला लाज वाटली, पण उठले नाही, हे जसं झालं तसंच सांगते.

तिला टेबलावर बसवलं. तिने गेल्या आठ वर्षांत मोजलेल्या प्रत्येक चाचणीवर 'फेरतपासणी' असा लाल शिक्का बसला. शिक्के मारायचं कामही कार्यालयातच होतं, तिच्या शेजारच्या टेबलावर. दिवसभर ठप ठप ऐकत बसायची. डॉक्टरांची नोकरी पक्की झाली नाही. त्यांना एक वर्ष वाढवून मिळालं, तेही कपाटांतल्या त्या चोवीस रोपांमुळे. मलमाच्या वाफेने झाड सावध होतं हे इतकं स्वच्छ आमच्याकडे कुणी दाखवलं नव्हतं म्हणे. रोपं टाकून द्यायच्या आधी त्यांनी स्वतः मोजली, वहिनीचा कागद न बघता, आणि मग ताडून पाहिलं. चोवीसच्या चोवीस जुळले. त्यांनी येऊन तसं सांगितलं आणि वर हेही सांगितलं की तुम्हाला मोजणीवर परत घेता येणार नाही. वहिनी म्हणाली, घेऊही नका. घरी आल्यावर मात्र ती रडली. दादाला वाटलं गुडघा दुखतोय, त्याने पाणी तापवून आणलं.

आता काचघरात दोघं जण मोजतात, वेगवेगळ्या कागदांवर. दोघांनाही ओला आणि जळका कळेना, तेव्हा डॉक्टरांनी साहेबांशी भांडून एक परवानगी मिळवली. ठिपकेबाईंनी मोजायचं नाही, पण शिकवायचं. आठवड्यातून एक तास, सोमवारी. पहिल्या सोमवारी मी मुद्दाम नळावर बाटली भरत उभी राहिले. मला वाटलं, पानं घेऊन बसेल. तिने पान दाखवलंच नाही. त्या दोघांना एकशेवीस कुंड्या हलवायला लावल्या. ती दोघं धापा टाकत उभी राहिली तेव्हा सांगितलं, की हे काम मी तेरा सोमवार केलं नाही आणि तेरा वेळा केलं म्हणून सही केली, त्याचं काय झालं ते असं असं. अगदी बसचं वेळापत्रक सांगावं तशा आवाजात. महिन्याभराने त्यातला एक नोकरी सोडून गेला आणि नवी मुलगी आली, तर तिलाही पहिल्यापासून तेच. कुंड्या, मग तेरा सोमवार. माझं नाव ह्या गोष्टीत कुठेच नाही. मलम तिचं, कल्पना तिची. मी समोरच्या कोठीत लेबलं चिकटवायची आणि ऐकायचं.

त्या नव्या मुलीच्या सोमवारी मला ते ऐकवेना. मी लेबलं टाकली, अंगण ओलांडलं आणि काचघराचं दार ढकलून आत गेले. ती दोघं दचकली. मी म्हटलं, सही कर आणि मोकळी हो असं हिला मी सांगितलं होतं. मलमही मीच आणून दिलं. चौकशी झाली तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. हेही शिकवायचं असेल तर शिकवा.

वहिनी माझ्याकडे बघत राहिली, त्या दिवशी रिकाम्या चौकटीसमोर बघत होती तशीच, पण जरा जास्त वेळ. मग त्या मुलीकडे वळून म्हणाली, "ह्या माझ्या वन्सं. लिहून घ्या, आल्या तेव्हा दार उघडं राहिलं होतं, दाराशेजारच्या ओळीला वारा लागला." आणि मला म्हणाली, "आता आलाच आहात तर ती टोकाची ओळ उचला. माझ्याने होत नाही."

मी उचलली. बारा कुंड्या. भलत्याच जड असतात हो.